हौलानीचा रिकामा चौकोन

हिलो (हवाई), मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्डांचे कोपरे गोल कापतो आहे (टोकदार कोपरा शर्टाच्या खिशातून छातीला टोचतो, अशी दोन जणांची तक्रार आली). अंगठा दुखायला लागला, म्हणून कात्री ठेवून पेन घेतलं.

आदरणीय हौलानी मावशी,

तुला आणि क्लिफर्ड काकांना आमच्या सगळ्यांचा आलोहा. आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? कसिनोत आठ आठ तास उभं राहून पत्ते वाटायचे म्हणजे गुडघ्यांचं काय होत असेल, हे मी रोज कार्डं कापताना मनात आणतो, आणि मी तर बसून कापतो. तिथल्या कोरड्या हवेने नाकातून रक्त यायचं ते थांबलं का? लास व्हेगसला अळकुड्या कुटून आंबवलेलं पोई मिळतं असं ऐकलं, पण कुठल्या दिवसाचं, हे कोणी सांगत नाही.

आता कार्डांबद्दल. अकरावीत शाळा सोडल्यापासून मी हातात धरलेलं हे पहिलं काम, जे माझ्या हातून पूर्ण होत आलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एनोका मामा दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये नवशिक्यांना उकुलेले शिकवतात, हे तुला ठाऊक असेल (नसेलही, तुम्ही दोघं भाऊबहीण सहा वर्षांत वाढदिवसाच्या कार्डापलीकडे बोललेले नाहीत). वर्गात चौदा जण, सगळे निवृत्त. बोटं कुठे ठेवायची ते घरी जाईपर्यंत विसरतात. म्हणून मी खिशात मावेल असं कार्ड काढलं: बारा चौकोन, प्रत्येकात एक पकड, म्हणजे कॉर्ड: चार तारा आणि बोटांचे ठिपके. एकेक ठिपका तीनदा तपासला. स्पेलिंग शब्दकोशात पाहिलं.

चूक झाली ती नावांत. बाहेर या पकडींना इंग्रजी अक्षरं असतात, हे मला माहीत होतं, पण आपल्या घरात कोणी ती वापरलीच नाहीत. टुटू आजीने शिकवलं तसंच मी लिहिलं: ‘टुटूची खुर्ची’, ‘ओलं मांजर’, ‘मामाची शिंक’. छापून झाल्यावर मामांनी कार्ड लांब धरून वाचलं आणि म्हणाले, “माझी शिंक आता बाजारात विकणार तू?” पण त्यांनी ती बदलायला सांगितली नाहीत, आणि शनिवारच्या बाजारात लोक त्या नावांसाठीच कार्ड घेतात.

बाराव्या चौकोनावर ‘हौलानी’ असं लिहिलं आहे. त्यात ठिपके नाहीत.

तू म्हणशील, एवढा नीटनेटका मुलगा आणि चौकोन रिकामा सोडला. पण मावशी, टुटूच्या गाण्यात शेवटच्या ओळीआधी सगळे थांबायचे आणि तू एकटी ती पकड वाजवायचीस, ती तू गेल्यावर कोणी वाजवली नाही. आम्ही अजून तिथे थांबतो. चार मात्रा जातात, मग शेवटची ओळ म्हणतो आणि वाद्यं खाली ठेवतो. मामा म्हणतात, ती पकड हरवली. मग मी काय ठिपके काढणार?

वर्गात पोस्टातून निवृत्त झालेल्या फुमिको आंटी आहेत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्या म्हणाल्या, “इथे ठिपके नाहीत.”

मामा म्हणाले, “नाहीतच.”

“मग वाजवायचं काय?”

“काही नाही. थांबायचं.”

“किती?”

मामांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, “चार मोजा.”

बस चालवून बोटं जाड झालेले मेडेरोस अंकल खूश झाले. “हीच एक मला पहिल्या झटक्यात जमली,” म्हणाले. तेव्हापासून चौदा जण त्या जागी येऊन हात हवेत उचलतात आणि ओठांनी चार मोजतात. त्यांना वाटतं, गाणं असंच आहे.

गेल्या महिन्यात मेडेरोस अंकल नातवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या जेवणाला हिलोजवळच्या पुना भागात गेले. तिथे कार्ड दाखवून त्यांनी तीस माणसांना ते गाणं आणि तो थांबा शिकवला. होनोलुलूहून आलेला, हॉटेलात वाजवणारा एक मुलगा होता. त्याला ती शांतता सहन झाली नाही. त्याने मध्ये स्वतःची एक पकड घातली (छान होती म्हणतात). मेडेरोस अंकलनी त्याच्या तारांवर हात ठेवला आणि म्हणाले, “ए बाळा, तिथे हौलानी आहे.”

“हौलानी कोण?”

“मला काय माहीत. पण तिच्या जागेवर कोणी बसत नाही.”

हे त्यांनी गुरुवारी वर्गात हसत हसत सांगितलं. सगळे हसले. मामा उठून बाहेर गेले आणि त्यांनी ट्रक धुतला. बाहेर पाऊस पडत होता.

विमानतळावर ते तुला जे बोलले, ते मी ऐकलं होतं. तुझी मोठी बॅग माझ्याच हातात होती. “पत्ते वाटायला समुद्र ओलांडतेस?” आणि तू म्हणालीस, “मग भाडं तू भर.” दोघांचंही बरोबर होतं. नंतर रस्ताभर मामांनी रेडिओ लावला नाही.

तर मुद्दा एवढाच, की दुसरी छपाई करतो आहे आणि ती निर्दोष व्हावी अशी इच्छा आहे. काकांना आलोहा. गुडघ्यांना जप.

तुझा भाचा,
पालानी

ता. क. सोबत एक कोरं कार्ड आणि तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. बाराव्या चौकोनात पेन्सिलीने चार ठिपके काढून पाठव. पेनने नको, चूक झाली तर खोडता येणार नाही.

पुन्हा ता. क. कार्ड पाठवू नकोस. ठिपके कुठे येतात ते मला माहीत आहे. मामांनाही आहे. दुपारी घरात कोणी नाही असं समजून ते ओट्यावर बसून तीच पकड वाजवतात, आणि जाळीचं दार वाजलं की तारा जुळवतोय असं दाखवतात. मी आता दाराशी आधी खोकतो. आम्हाला ठिपके नको आहेत मावशी. तू ये. मामा बोलावणार नाहीत, म्हणून मी बोलावतो आहे. हे त्यांना सांगितलेलं नाही.

शेवटचं. खर्च: छपाई चौतीस डॉलर, प्लॅस्टिक अठरा, कात्री सात, एकूण एकोणसाठ. कार्डं विकली एकशे अडतीस, दोन डॉलरला एक. त्यातल्या तीन कार्डांचे सहा डॉलर मेडेरोस अंकलकडे राहिले आहेत (देतो म्हणतात). डब्यात दोनशे अकरा. लास व्हेगसहून हिलोचं तिकीट आज सकाळी चारशे एकवीस होतं, रोज बघतो. म्हणजे अंकलनी पैसे दिले तर आणखी एकशे दोन कार्डं विकायची, नाही दिले तर एकशे पाच. परतीच्या तिकिटाचा भाव मी विचारलेला नाही.