मणक्यातलं पाणी

बुलडाणा,
१९ सप्टेंबर २०२४

चि. शेखर,
अनेक आशीर्वाद. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर चार दिवस मी तुझ्याशी खोटं बोलतेय आणि तू आपला "हो ताई, हो ताई" करतोस.

बाबा आहेत तसेच. उजवा हात हलत नाही, वाचा नाही, दूध नळीतून. आपलं बोलणं त्यांना कळतं की नाही, तेही सांगता येत नाही. माझा पाय एका जागी ठरत नाही. नर्स म्हणाली, "बसा ना ताई, तुमाले पाहून मलेच गरगरून राह्यलं."

परवा डॉक्टरांनी बाबांच्या मणक्यातलं थोडं पाणी काढायची परवानगी मागितली. लकव्यात मेंदूच्या पेशी मरतात, त्यांतले काही घटक त्या पाण्यात उतरतात. ते मोजले की नुकसान किती, याचा अंदाज येतो. अभ्यासासाठी आहे, उपचार बदलणार नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. मी नाही म्हटलं. सुईने माणूस कायमचा लुळा होतो, असं तुला सांगितलं. पोरींना विज्ञान शिकवणारी बाई मी! सुईला कशाला घाबरेन? मी त्या आकड्याला घाबरले.

अ‍ॅम्ब्युलन्स उशिरा आली, हेही तुला खोटंच सांगितलं रे. मीच उशिरा बोलावली. सकाळी सातला बाबांचं तोंड वाकडं झालं. शेजारच्या मनकर्णाबाई धावत आल्या, "लकव्याले कबुतराचं रक्तच लागते बाई, गरम गरम चोळा." बाबा अडखळत म्हणाले, "दवाखान्यात ने मले, पुष्पे." आणि मी कबुतर आणायला मोताळ्याला माणूस पाठवला! रक्त चोळून, गोधडीत गुंडाळून त्यांना निजवलं. तेवढ्यात वाचा गेली. दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळली होती.

बाबांची वाचा परत येऊच नये, असंही मला एकदा वाटून गेलं. लाज वाटते लिहिताना.

काल डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उशीर कोणामुळे झाला, हे त्या पाण्यात दिसत नसते ताई." आज सकाळी सही केली. मग बाबांचा डावा हात धरला आणि म्हटलं, "बाबा, तुमी म्हटलं होतं दवाखान्यात ने. म्या ऐकलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

शेखर, त्यांना कळलं! रडत रडत मी नर्सला तेच सांगत सुटले, बाबांना कळतं, सगळं कळतं.

तूही रागावशील. फोनवर नको, येऊन समोर रागाव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
पुष्पाताई