चौकटीतली वरची पायरी

प्रिय बाबा,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. चार लोकांसमोर जे बोलता येतं ते उद्या बोलेनच. पण एक गोष्ट मला कोणाजवळ बोलता येत नाही. तुमच्या सुनेला, मंदाला सांगितली तर ती देवीला नारळ बोलेल, आणि गावात सांगितली तर लोक गिरणीत दळण ठेवताना माझ्या तोंडाकडे बघतील. म्हणून आज दुपारीच गिरणी बंद केली आणि लिहायला बसलो. समोर टीव्ही आहे, बंद आहे. त्याच्याकडे पाठ करून बसायचं मात्र धाडस होत नाही.

बाबा, कारंज्याची टॉकीज बंद झाली तेव्हा तुम्ही तिथून एकच वस्तू घरी आणली होती. मशीनमध्ये फिल्मसमोर बसणारी ती पत्र्याची चौकट. मधे दोन बोटं जातील एवढी खिडकी. पडद्यावर किती चित्र दिसायचं आणि किती झाकायचं ते ती ठरवायची. उभी हयात ऑपरेटरकी केली आणि एवढंच आणलं! देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवलंत. दसऱ्याला मी विळा-पास ही शेतीची अवजारं पुजायचो, तुम्ही तिला हळदकुंकू वाहायचात.

चित्र खाली घसरलं की टॉकीजमधले लोक ओरडायचे, आठवतं? “फ्रेम! ए ऑपरेटर, फ्रेम!” मीही पुढच्या बाकावरून ओरडायचो. घरी आल्यावर तुम्ही म्हणायचात, “सगळ्यात मोठा आवाज तुहाच होता, गज्या. बापाले शिव्या द्याले फुकटात बसवतो का मी तुले?”

मग आपल्या घरी तो मोठा टीव्ही आला आणि आपलं भांडण सुरू झालं. जुना सिनेमा लागला की मी चित्र ताणून पडदाभर करायचो. तुम्ही देवघरातून चौकट आणायचात, एक डोळा मिटायचात, आणि हात मागेपुढे करत तिच्या खिडकीतून टीव्हीकडे पाहायचात.

“हे पाह्य. बसते का चित्र हिच्यात? रुंदीले चार, उंचीले तीन असते जुनं चित्र. त्या बाईले तू भाकरीवानी थापून राह्यला.”

“बाबा, एवढ्या पैशाचा टीव्ही आणला, अन् दोन्हीकडं काळं ठेवू काय?”

“राहू दे काळं. काळं खोटं नाही बोलत.”

शेवटी मी मधला मार्ग काढला. ताणायचं नाही, झूम करायचं. माणसं जाड दिसत नाहीत आणि पडदाही भरतो. वरून थोडं, खालून थोडं कापलं जातं एवढंच. त्यावर तर तुम्ही जास्तच चिडलात! “डोस्कं कापण्यापरीस थापलेलं बरं,” म्हणालात. मी हसलो होतो, बाबा.

वाशीमला तुमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो तेव्हा बसस्टँडजवळच्या एका दुकानात तुम्हाला ती सीडी सापडली. नदीपलीकडच्या आपल्या देवळात, मी तान्हा असताना, भर जत्रेत कोणत्याशा भक्तिपटाचं शूटिंग झालं होतं हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. तुम्ही सीडी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणालात, “आपली जत्रा हाय याच्यात.” बस, एवढंच. रोज दुपारी मी गिरणीवर असताना तुम्ही ती लावायचात, चित्र तुमच्या मापात करून. मी संध्याकाळी आलो की पुन्हा माझ्या मापात करायचो.

का नाही सांगितलंत, बाबा? एक वाक्य तर होतं!

मग तुमचा उजवा भाग लुळा पडला, वाचाही गेली. रिमोट हातातून सुटला. मंदा रोज दुपारी तुमच्यासाठी सीडी लावून द्यायची, झूम केलेलीच. आठ महिने! एक दिवस मी जेवायला आलो तर तुमच्या डाव्या हातात ती चौकट होती, टीव्हीकडे धरलेली. तुमच्या तोंडून नुसता “फ... फ...” एवढाच आवाज येत होता. मी चौकट तुमच्या हातातून काढून घेतली. “आता तरी सोडा ना बाबा हा हट्ट,” असं म्हणालो. तुम्ही डोळे मिटलेत. त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेरवीनंतर महिनाभरानं तुमची आठवण म्हणून मी ती सीडी लावली. टीव्हीवर चित्र चौकोनी आलं. दोन्हीकडे काळं. मी तर काही दाबलं नव्हतं. वाटलं, लाईट गेल्यामुळे टीव्हीचं सेटिंग बदललं असेल. मी झूमचं बटण दाबलं.

“फ्रेम!”

माझ्या पाठीमागून, तुमच्या खाटेकडून. खाटेवर गादीसुद्धा नव्हती. मीच ओरडलो असेन असं मनाला समजावत होतो, तेवढ्यात मंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, कोणावर ओरडून राह्यले?” मी सीडी काढली, देवाजवळ दिवा लावला आणि हरिपाठ म्हटला. पुढे कित्येक महिने सीडीची डबी उघडली नाही.

आठ दिवसांपूर्वी श्राद्धाच्या तयारीसाठी मोठीआई आली. तुमची वहिनी आता पार वाकली आहे, पण जीभ तशीच आहे. “लाव रे ते जत्रा. मेल्यावर दाखवशीन काय?” म्हणाली. लावली. पुन्हा चौकोनी.

सिनेमातली बाई देवळाच्या पायऱ्यांखाली आरती म्हणते, आणि मागे पायऱ्यांवर गावातली माणसं उभी आहेत. मोठीआई एकदम पुढे सरकली.

“थांब. त्या वरच्या पायरीवर पाह्य. वच्छी हाय ते! तुही माय!”

बाबा, मी दोन वर्षांचा असताना आई गेली. तिचा एकही फोटो नाही. ती कशी होती असं विचारलं की सगळे म्हणायचे, “तुह्यावानी.” अठ्ठेचाळीस वर्षं मी आरशात तिला शोधत आलो. आणि ती तिथे उभी होती, डोक्यावर पदर, हसू दाबत. कडेवर पोर.

“त्या पोराच्या पायात काळा धागा पाह्यला? म्या बांधला होता. तू हाय तो.”

तो लोंबता पाय मी आधी पाहिला होता. लुगड्याच्या निऱ्या आणि पोराचा पाय, वर काही नाही. माझ्या झूममध्ये आई कमरेखालीच उरली होती. आठ महिने तुम्ही तेच पाहत होतात, आणि चौकट धरून मला तेच सांगत होतात. बाबा, त्याचीच माफी मागायला मी लिहायला बसलो.

पण मोठीआई पुढे बोलली. “अन् तिच्या बाजूले कोण हाय? नामदेववानी दिसते, तुह्या बापावानी.” मग स्वतःच मान हलवली. “पण नामदेव कसा असन? त्याची तं टॉकीजात डिवटी होती, कारंज्याले. आला नाही म्हून वच्छी रस्ताभर रुसून होती.”

“खांबाची सावली हाय ते,” मंदा म्हणाली.

मी जवळ गेलो. पांढरा सदरा. एक हात डोळ्यासमोर धरलेला, बोटांत काहीतरी लहानसं चौकोनी. एक डोळा मिटून तो माणूस आरतीकडे नाही, सरळ आपल्या खोलीत बघत होता, चित्र बरोबर बसतंय का ते.

दुसऱ्या दिवशी मी नदी ओलांडून देवळात गेलो. त्या बाजूला खांब नाही. कधी नव्हताच, असं पुजारी म्हणाले. मी वरच्या पायरीवर डोकं टेकलं. भर उन्हात ती गार लागली. घरी येऊन देवघर पाहिलं. चौकट बाळकृष्णाशेजारीच होती.

तुम्ही आधीपासूनच तिथे होतात का, बाबा? की डिवटी आत्ता सुटली?

मी तुम्हाला शब्द देतो. या घरात ते चित्र कोणी ताणणार नाही, कापणार नाही. दोन्हीकडचं काळं तसंच राहील. आणि चित्र थांबवून तुमचा चेहराही मी निरखणार नाही. जत्रेत आईबाप दोघं उभे असताना पोरानं किती बघावं?

फक्त एक करा. आईच्या कडेवर मी कधीचा आहे, तिचा हात भरून आला असेल. थोडा वेळ तुम्ही घ्या.

तुमचा,
गज्या