बॉडी डोंबिवलीला, लेन्स कल्याणला

डोंबिवली पूर्व,
बुधवार, दुपारची आवराआवर झाल्यावर

चि. संदेशभावजी यांस,

स्वप्नावहिनीचे अनेक आशीर्वाद. (मी तुमच्याहून वयाने लहान आहे हे मला माहीत आहे. पण नात्याने मोठी आहे, आणि थोरली सून म्हणून या घरात फुकट मिळालेला हा एकच हक्क आहे, तो मी सोडणार नाही.) इकडे आम्ही सगळे ठीक. तुमची कंबर कशी आहे? कळलं ते असं की तुम्ही पट्टा बांधता, आणि पट्टा बांधलाय हे कोणाला दिसू नये म्हणून वरून जॅकेट घालता, तेही कल्याणच्या उकाड्यात. काढा ते जॅकेट. खडकपाड्याला पाणी वेळेवर येतं ना? आमच्याकडे येतं, पण टाकीपर्यंतच. तिथून पुढे ते कुठे जातं हे आमच्या सेक्रेटरींनाही ठाऊक नाही.

डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये ठाकुर्ली तेवढं एक स्टेशन, मग वहिनीला पत्र लिहायची काय हौस आली, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही 'आपली माणसं' हा ग्रुप सोडलात. दादांचा फोन उचलत नाही. माझा उचलता, पण 'वहिनी, मीटिंगमध्ये आहे' एवढंच सांगायला. रविवारी सकाळी, मागे कुकरच्या शिट्ट्या वाजत असताना, ही कसली मीटिंग असते ते मी विचारलं नाही. कागदाला मात्र 'मीटिंगमध्ये आहे' सांगून ठेवून देता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

येत्या रविवारी आईंचं सहस्रचंद्रदर्शन. हॉल, गुरुजी, आचारी, सगळं ठरलंय. आईंनी स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती, ती तुम्हाला आठवत असेलच: दोन्ही मुलांच्या मध्ये बसून काढलेला स्वतःचा एक धड फोटो. घरात अल्बम काही कमी नाहीत. तुमच्या मुंजीच्या अल्बममध्ये आई आहेत, आमच्या लग्नाच्यात आहेत, आमच्या सान्वीच्या बारशाच्यातही आहेत. पण कुठे नुसता बांगड्यांचा हात, कुठे पदराचं टोक, कुठे औक्षणाचं ताट धरलेली चार बोटं. बाबांच्या हातात कॅमेरा आणि आईंच्या हातात ताट, त्यामुळे दोघंही अल्बममधून गायब. बाबांचा निदान पासपोर्टचा एक फोटो होता, तो मोठा करून भिंतीवर लावला. परवा त्या फोटोला हार बदलताना आई मला म्हणाल्या, "माझा कुठला लावाल गं? ताटाचा?" मी हसले. मग आत गेले आणि गरज नसताना दोन कांदे चिरले.

एवढी साधी मागणी. दुसऱ्या कुठल्याही घरात फोटोग्राफर बोलावला असता. आपल्या घरात दोन हौशी मुलगे असल्यामुळे ती सोय नाही. दादा म्हणाले, बाहेरचा माणूस कशाला, दोघं मिळून एक चांगला मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येते तसला, कॅमेरा घेऊ, घरात राहील. तुम्ही म्हणालात, अगदी बरोबर. तुमचं दोघांचं एकमत झाल्याचा तो शेवटचा प्रसंग.

त्यानंतर घरात दोन कंपन्या नांदायला आल्या. आईंना त्यांची परदेशी नावं घेता येईनात, म्हणून त्यांनी एकीला थोरली म्हटलं आणि दुसरीला धाकटी. दादांची ती थोरली: मोठ्या सेन्सरची, वजनदार, कमी उजेडातही स्वच्छ काढणारी, मागचं सगळं धूसर करून माणूस तेवढा पुढे आणणारी. (हॉलची भाड्याची सजावट मागे धूसर करायची असेल तर भाडं तरी कशाला द्यायचं, हा माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.) तुमची ती धाकटी: लहान सेन्सरची, हलकी, दिवसभर गळ्यात घालून हिंडावं अशी, आणि तिच्या लेन्सही मुठीत मावणाऱ्या. दादांनी मला समजावून सांगितलं की हा निर्णय फार जपून करायचा असतो, कारण एकदा एका घरची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, आणली की लेन्स, फ्लॅश, बॅटरी, सगळं आयुष्यभर त्याच घरचं घ्यावं लागतं, दुसऱ्या घरचं काही चालत नाही. मी म्हटलं, मला कळतं, मी या घरात लग्न करून आलेय.

तुमच्या या चर्चा ज्या सोफ्यावर झाल्या त्याचं वर्णन केलंच पाहिजे, कारण तुम्हाला दोघांनाही तो बाहेरून दिसलेला नाही. मध्ये आई. उजवीकडे दादा, कारण थोरल्याचा मान उजवीकडचा. डावीकडे तुम्ही. आईंचा उजवा कान कधीच गेलाय. (कानातलं मशीन आहे, पण ते घातलं की तुमचं दोन्ही बाजूंनी ऐकू येतं, म्हणून त्या ते चष्म्याच्या घरात ठेवतात.) दादा दर शनिवारी थोरलीचे गुण गायचे, आई मान डोलवायच्या, आणि दादांना वाटायचं, आईला पटतंय. प्रत्यक्षात त्यांच्या कानात शिरायचं ते फक्त तुमचं. म्हणून आज आईंना धाकटीची खडान्‌खडा माहिती आहे, आणि थोरली नावाची कोणी आहे इतपत ऐकून माहीत आहे. दादांना हे सांगू नका, त्यांनी आईंसाठी तक्ते काढले होते.

आणि ती तलावपाळीची सहल! दोन्ही कॅमेरे एक दिवसाच्या भाड्याने आणून तुम्ही दोघं आईंना घेऊन ठाण्याला गेलात. आईंनी त्या दिवशी जांभळी इरकल नेसली होती, केसात अबोलीचा गजरा होता. संध्याकाळी परत आल्यावर आम्ही टीव्हीवर फोटो पाहिले. तळ्यातली बोट थोरलीने काढलेली, तीच बोट धाकटीने काढलेली. एक बदक, तेच बदक. भेळवाल्याच्या मिशा दोन्ही कॅमेऱ्यांतून, आणि मग त्याच मिशा इतक्या मोठ्या करून की कुठली मिशी जास्त टोकदार आली यावर तुमचं जेवण लांबलं. आईंचा फोटो एकही नाही. विचारलं तर दोघं एका सुरात म्हणालात, तिच्या बाकावर उजेड बरोबर नव्हता. आई दिवसभर त्या बाकावर दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि एका हातात एका घरच्या लेन्सचं झाकण, दुसऱ्यात दुसऱ्या घरच्या. त्या मला म्हणाल्या, "पूर्वी ताट होतं, आता झाकणं." पण भेळ छान होती असंही म्हणाल्या.

शेवटी निकाल आईंनीच दिला, आणि इथून पुढच्या अनर्थात मी आणि शिवानी सामील आहोत हे आधीच कबूल करते. आईंनी आयुष्यभर लग्नकार्यं पार पाडलीत, त्यांना एकच शास्त्र माहीत: कोणाचा मान दुखावता कामा नये. आमच्या लग्नात बँड तुमच्याकडचा होता आणि मांडव आमच्याकडचा, दोन्ही बाजू खूश. त्याच हिशेबाने त्यांनी आम्हा दोघी सुनांना स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, बॉडी रवीच्या पसंतीची आणा, लेन्स संदेशच्या पसंतीची आणा, म्हणजे दोघांचाही मान राहील. आम्हाला हे इतकं पटलं की इतके दिवस हे कोणाला सुचलं कसं नाही याचंच नवल वाटलं. मी ठाण्याला जाऊन बॉडी आणली. दुकानदाराने विचारलं, लेन्स आहे ना तुमच्याकडे? मी तोऱ्यात म्हटलं, आहे. शिवानीने कल्याणला लेन्स घेतली. तिला विचारलं, बॉडी आहे ना? ती म्हणाली, घरातच आहे. दोघी खोटं बोललो नाही.

पुढचं तुमच्यासमोरच झालं. पाटावर लाल कापड, त्यावर दोन खोकी, नारळ, आणि आई कुंकवाचा करंडा घेऊन बसलेल्या. तुम्ही दोघं खोकी बघून असे फुललात की मला भरून आलं. मग खोकी उघडली. दादांचा चेहरा आधी पडला, मग तुमचा. तरी तुम्ही बसवून पाहिलंत, आईसमोर नाही कसं म्हणायचं म्हणून. ठिपक्याला ठिपका जुळवून फिरवायचं असतं म्हणे; बॉडीचा ठिपका पांढरा आणि लेन्सचा लाल. आई म्हणाल्या, थांबा, पांढऱ्यावर कुंकू लावते, म्हणजे जुळेल. आणि खरंच बोट पुढे केलं, तेव्हा दादा सेन्सर, सेन्सर असं ओरडत बॉडी पोटाशी धरून बाल्कनीत पळाले. मध्ये बसवायला काही जोड मिळतो का असं शिवानीने फोन करून विचारलं, तर दुकानदार म्हणाला, मिळाला तरी फोटोचे चारी कोपरे काळे येतील. आई म्हणाल्या, चालेल की, आम्ही तिघं मध्येच बसणार आहोत.

तिथे हसायला हवं होतं. आम्ही दोघी हसलोही. पण दादा म्हणाले, लेन्स बदलून आणा. तुम्ही म्हणालात, बॉडी बदला. मग कोण किती वर्षांपासून कोणाचं ऐकत आलंय हे निघालं, त्यात तुमची लहानपणीची सायकल निघाली, आणि तुम्ही लेन्स खिशात घालून उठलात. जाताना आईंच्या सोफ्याशी थांबून म्हणालात, "रविवारी जेवायला येईन. पाहुण्यासारखा." एरवी आईंपर्यंत घरातलं अर्धं पोचत नाही, भावजी. पण ते तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून बोललात.

तेव्हापासून बॉडी डोंबिवलीला आणि लेन्स कल्याणला. दादांनी माझा चकलीचा हवाबंद डबा घेऊन त्यात बॉडी ठेवली आहे. रोज ऑफिसमधून आले की काढतात, पुसतात, तिच्या रिकाम्या तोंडाकडे बघतात आणि परत ठेवतात. तुम्ही म्हणे गच्चीवर जाऊन नुसती लेन्स हात लांब करून डोळ्यांसमोर धरता आणि त्यातून अख्खं कल्याण उलटं दिसतं. दोघा भावांचं मिळून एक यंत्र होतं आणि ते तसंच पडून आहे, हे मला बघवत नाही. पण परवा आचाऱ्याचे पदार्थ ठरवताना दादा मला म्हणाले, अळूवडी सांग, संद्याला आवडते.

आणि काल आईंनी जेवताना विचारलं, दोन्ही मुलं माझ्या शेजारी बसणार, मग फोटो काढणार कोण? दादांचा घास हातातच राहिला. इतक्या महिन्यांच्या अभ्यासात, सेन्सर, लेन्स, वजन, उजेड सगळं झालं, पण ज्याच्या हातात कॅमेरा तो फोटोत नसतो, हे बाबांचा एकही धड फोटो नसलेल्या या घरात कोणालाच सुचलं नव्हतं. दादांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, टायमर लावू. मला बरं वाटलं. मग म्हणाले, त्यासाठी तिपाई लागेल, आणि तिपायांमध्ये दोन प्रकार असतात. मी वाढायचं थांबवलं.

तेव्हा भावजी, शनिवारी संध्याकाळीच या, शिवानीला घेऊन. रविवारी पाहुणे हॉलच्या दारातून येतील. तुम्ही घरून निघा, हारांची पिशवी आणि आईंचा हात धरून. शिवानीला माझा नमस्कार नको, आशीर्वादच सांगा, आणि थोडेसे उरले तर कंबरेला लावा.

तुमची,
स्वप्नावहिनी

ता. क. पाकिटावर तिकीट आहे पण शिक्का नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पोस्टाचा भरवसा वाटेना, म्हणून शिवानीच घेऊन येते आहे. ती आत्ता माझ्यासमोर वाटाणे सोलत बसली आहे. जॅकेटचं आणि गच्चीचं तिनेच सांगितलं. तिला काही बोलू नका.

ता. क. दुसरा. लेन्स आणू नका. बॉडी मी चकलीच्या डब्यासकट माळ्यावर टाकली आहे आणि शिडी शेजारच्यांना दिली आहे. फोटो मी माझ्या मोबाइलवर काढणार. त्यात बॉडी, लेन्स सगळं एकाच घरचं आहे. (कुठल्या कंपनीचा, ते विचारायचं नाही.)

ता. क. तिसरा. हे आई सांगतात तसं लिहिते: "संदेश, रवी थोरला, तो उजवीकडेच बसेल, त्यावरून आता नवीन काही काढू नकोस. तू डावीकडे बस. तू यायचा थांबल्यापासून त्या बाजूला मी कोणाला बसू दिलेलं नाही. त्यामुळे घरात कोण काय बोलतं, ते मला काही ऐकू येत नाही."