आप्पांची रजा

विद्यापीठ वसतिगृह, नांदेड
१९ एप्रिल २०१६

तीर्थरूप आप्पांना,
दानम्माचा शरणु शरणार्थ.

मी मजेत आहे. अव्वाचे गुडघे तेवढे कुरकुरतात, बाकी तीही बरी. तुरुंगात तुम्ही दऱ्या विणायला शिकलात हे तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "घरी कधी चटई झटकली न्हाई, अन् आता दऱ्या विणून राहिलेत!" लई दिवसांनी हसली.

पाण्याचं यंदा कठीण आहे. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. आपल्या गावात टँकर एक दिवसाआड येतो. उदगीरच्या चौकात मात्र 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'चे फलक लागलेत. गुंडप्पाकाका म्हणतात, "आधी घागर भरा, मग जिल्हा करा."

आता अभ्यासाचं. तुम्ही दर पत्रात बँकेच्या परीक्षेचं विचारता आणि मी दुसरंच काही लिहिते. आप्पा, समाजकार्याच्या या वर्षी मी गुन्हेगारी आणि तुरुंग-सुधारणा हा विषय घेतलाय. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नव्हते. पण मला तो फार आवडतो. तुरुंग बघायला गेलो तेव्हा बाकीची पोरं दबकत चालत होती. मला मुलाखतीची जाळी तुमच्या भेटींमुळे ओळखीची होती. तिथल्या बायकांशी बोलायला मलाच पुढं केलं.

मध्यंतरी पंचशीला मॅडम आम्हाला संचित रजा शिकवत होत्या. नीट वागलेल्या कैद्याला काही दिवस घरी जाता येतं, ती रजा. त्यांनी विचारलं, "काहीजण मिळत असूनही ती मागत नाहीत. का बरं?" कुणी म्हणालं, घरचे नको म्हणत असतील. मी उठून म्हणाले, "ज्यांचा माणूस गेला, त्यांचं घर त्याच गल्लीत असतं." आणि खाली बसले. तास संपल्यावर मॅडमनी जवळ बोलावून एवढंच विचारलं, "त्या घरी कुणी जाऊन आलंय का?"

कुणीच गेलं नव्हतं. म्हणून पाडवा झाल्यावर मी गेले, श्रीमंतकाका वारल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या घरी.

कस्तुराबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मला बघून हात थांबले. मी म्हणाले, "मावशी, आप्पांच्या रजेसाठी पोलीस तुम्हाला विचारतील. तुमची हरकत असेल तर मी अर्जाचं नाव काढणार नाही."

"माफ केलं, असं माझ्या तोंडून काढून घ्यायला आलीस का?"

"न्हाई."

"मग ऐक. आमचा माणूस टँकरच्या रांगेत गेला, तुझ्या बापाच्या एका धक्क्यानं. दगडावर डोकं आपटलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. इसरणार न्हाई." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पण तुझी माय मला बघून रस्ता बदलून राहिली. तिनं काय केलतं? येऊ दे त्याला. पण तोंड लपवून नगं, दिवसाउजेडी येऊ दे. अन् रांगेत माझ्या मागं उभा राहू दे."

मी घरी येऊन अव्वाला सगळं सांगितलं. टँकर आला तेव्हा ती घागर घेऊन सरळ त्यांच्या दारावरून गेली. रांगेत कस्तुराबाईंनी सरकून तिला जागा दिली. परत येताना अव्वाची चाल मला वेगळी वाटली.

आप्पा, रजा मागायची की नाही हे तुम्हीच ठरवा. लाज वाटेल, वाटू द्या. एसटीतून उतरल्यावर घरापर्यंत मी सोबत चालेन. दिवस भरले की माणूस परत हजर होईल, अशी घरच्या कुणीतरी हमी द्यावी लागते. गुंडप्पाकाका सही करायला तयार होते. मी म्हणाले, ती मीच करणार.

हे पत्र तुमच्या आधी तिथले साहेब वाचतील. त्यांनाही माझा नमस्कार.

तुमची मुलगी आणि तुमची जामीनदार,
दानम्मा