मोईनच्या हुकावरचं पाकीट

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९

आजपासून रोजनिशी. समोरचा मोईन लिहितो म्हणून नव्हे. माझा विचार त्याच्या आधीचा आहे, फक्त वही नव्हती.

सुलेखा सकाळच्या एसटीनं कन्नडला गेली. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आठवडाभर लागेल. जाताना तिनं समोरची बेल वाजवली आणि आमच्या घराची जादा किल्ली पाकिटात घालून मोईनच्या हातात दिली. माझ्यादेखत. म्हटलं, अगं, मी इथंच राहतो ना? म्हणाली, म्हणूनच देते.

रिक्षात बसताना म्हणाली, मी येईस्तोवर घर नीट ठेवलंत, तर किल्ली त्यांच्याकडून परत घेऊ. ठरलं तर मग. किल्ली घरी आणायची. एकोणीस वर्षांचा संसार, आणि किल्ली कुणाकडं, तर गुलमंडीत कापडाचं दुकान असलेल्या माणसाकडं. मी स्वतः ऑफिसात रेकॉर्ड सेक्शनला आहे. बावीस वर्षांत एकच फाईल हरवली, आणि तीही सापडेल.

संध्याकाळी ७

मोईनकडं चहाला गेलो. खरं तर पाहणी करायला. दाराशेजारी लाकडी बोर्ड, पाच हुक, प्रत्येकाखाली चिठ्ठी. दुकान, गाडी, गच्ची, कपाट. पाचव्यावर आमचं पाकीट. घरात शिरला की आधी किल्ली हुकाला, मग चप्पल काढतो. बाहेर निघताना बोटांवर मोजतो: गॅस, नळ, गिझर, दिवा. त्याची सातवीतली युसरासुद्धा मोजते. अरफाभाभी म्हणाल्या, आमच्याकडं सकाळी कुणाचा आवाज चढत नाही. घरात इतकी शांतता की मला चहा जाईना.

लई जळतं मनात. वही माझीच आहे, लिहायला काय हरकत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गुलमंडीतून बोर्ड आणला. मागच्या गल्लीनं गेलो, उगाच मोईनच्या दुकानावरून कशाला जा. सात हुकांचा घेतला. त्याचा पाचाचा आहे.

घरी आल्यावर पाहिलं तर किल्ल्या दोनच. घराची आणि स्कूटरची. होतील पुढं.

खिळा ठोकताना गिलावा पडला, वाडगाभर. ड्रिल मागायला मोईनकडं जावं लागलं. तो स्वतःच आला, चार मिनिटांत बोर्ड बसवला, शिवाय खाली पडलेला गिलावाही झाडून नेला. बोर्ड एकदम सरळ बसलाय. सारखं तिकडंच लक्ष जातं.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ७

काल झोपताना रेग्युलेटर बंद केला. उत्तम सवय. शांत झोप लागली.

७.४०. गॅस पेटत नाही. सुलेखाला फोन. म्हणते, सिलिंडर शुक्रवारीच लावलाय. नक्कीच शेगडी बिघडली. दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

८.३०. दुरुस्तीवाल्यानं रेग्युलेटर चालू केला. जाताना जिन्यात त्याला मोईन भेटला. दोघं हसले. थंडीवरून काहीतरी बोलले असतील.

६ नोव्हेंबर

निघताना बोटांवर मोजलं. मोईन चार बोटं धरतो, मी पाच. पंखापण घेतला. या मोजण्याच्या नादात चष्म्याऐवजी टीव्हीचा रिमोट बॅगेत आला. आमच्या शिपायानं, पुंजारामनं विचारलं, साहेब, इथं टीव्ही कुठंय? त्याला काय कळणार, सवय लागायला वेळ लागतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुलेखाचा फोन. पाच मिनिटांत तीन वेळा मोईनभाई. मोईनभाईंनी कळवलंय, सोमवारी नळ आहे, पिंप घासून ठेवा. आमच्याकडं पाणी आठव्या दिवशी येतं, ते मला कळायचं कन्नडहून! त्याच्या कॅलेंडरवर नळाच्या दिवसाभोवती निळा गोल असतो. मी लगेच आमच्या कॅलेंडरवर लाल केला. मोठा.

मग मात्र राहवलं नाही. गेलो आणि किल्ली मागितली. म्हटलं, मोईन, सगळं नीट चाललंय, आता तुम्हाला कशाला त्रास. वाटलं, काहीतरी बोलेल. तो म्हणाला, बिलकूल भाऊ, तुमचीच तर आहे. पाकिटातून किल्ली काढून दिली आणि पाकीट परत हुकाला अडकवलं. रिकामं पाकीट कशाला सांभाळायचं? असल्या माणसांना कायबी फेकवत नाही.

बोर्डावर तीन चिठ्ठ्या लावल्या. घर मूळ. घर जादा. स्कूटर. फोटो काढून सुलेखाला पाठवला. तिनं अंगठा पाठवला. म्हणजे जिंकल्यातच जमा.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.३०

आज नळ. पिंप लावून तोटी उघडली. नुसती हवा. सुलेखा उद्या येते, तिला काठोकाठ पिंप दाखवणार.

८.१५. अजून हवाच. दूध आणून येतो. बोटांवर मोजलं. गॅस बंद, गिझर बंद, दिवा बंद, पंखा बंद. नळाला पाणीच नाही, तर बंद काय करायचा.

संध्याकाळी ६. मोईनच्या घरून

वही ओली झाली. युसरानं तिच्या वहीतलं पान दिलंय. समास आखलेला आहे.

दूध घेऊन आलो. दार ओढलं की लॅच लागतं, आणि ते मी व्यवस्थित ओढून गेलो होतो. खिशात हात घातला. किल्ल्या नाहीत. दोन्ही आत, बोर्डावर, आपापल्या चिठ्ठीवर. आणि आतून नळाचा आवाज. आधी पिंपात पडणारा, मग फरशीवर पडणारा. थोड्या वेळानं दाराखालून पाणी बाहेर आलं आणि जिन्यानं खाली चाललं. आठ दिवसांचं पाणी.

समोरची बेल दोन पावलांवर होती. ती दाबायला मला सात मिनिटं लागली. कारण लिहीत नाही.

मोईननं जिन्यातलं पाणी पाहिलं. आपल्या बोर्डाकडं गेला, ते पाकीट काढलं, आणि त्यातून किल्ली निघाली. दार उघडलं, तोटी बंद केली. मग तो पोछा घेऊन, अरफाभाभी बादली घेऊन, मी दुधाची पिशवी ठेवून, दुपारपर्यंत तिघं पाणी उपसत होतो. गाद्या त्यांच्या गच्चीवर वाळत घातल्यात.

म्हटलं, ही किल्ली कुठली? मोईन पोछा पिळत राहिला. मग म्हणाला, भाभींनी दोन दिल्या होत्या भाऊ. बोलल्या, चार-पाच दिवसांत ते एक मागून नेतील, देऊन टाका, हुज्जत घालू नका. दुसरी राहू द्या.

पाकीट बघायला घेतलं. मागच्या बाजूला सुलेखाचं अक्षर. 'हे बाहेर अडकले तर.'

राग यायला पाहिजे होता. लाज वाटली. मी आठवडाभर बोर्ड, हुक, चिठ्ठ्या करत बसलो, तिनं एक पाकीट केलं आणि निवांत कन्नडला गेली.

आत्ताच घरी जाऊन 'घर जादा' काढून आणली आणि मोईनच्या पाकिटात टाकली. तो म्हणाला, एक आहे ना भाऊ यात. म्हटलं, दोन असू द्या.