शेवटच्या बाकावरची संस्कृती

छ. संभाजीनगर
१३ जुलै २०२५

ती. गोकुळमामांस,
संस्कृतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसू नका. फोन असताना ही पोरगी कागद कशाला खराब करते, असं तुम्ही म्हणणार हे मला माहीत आहे. आत्याला मी सांगितलंय, सातवीला पत्रलेखन आहे, त्याचा सराव करते. खरं कारण फक्त तुम्हाला सांगते. मला फोनवर काही कळत नाही. वर्गातही कळत नाही. मामा, मला ऐकू कमी येतं.

मागच्या पावसाळ्यात डावा कान फुटला, तेव्हापासून तो बंदच आहे. आता उजवाही तसाच व्हायला लागलाय. आमच्या वर्गात उंचीप्रमाणे बसवतात, आणि मी उंचीला तुमच्यावर गेलेली, म्हणून शेवटचा बाक. डोईफोडे सर (नाव तसं असलं तरी कुणाला हात लावत नाहीत) फळ्याकडे तोंड करून शिकवतात. ते वळले की ओठ दिसतात, तेवढंच मला समजतं. बाकीचं शेजारची विशाखा खुणेनं सांगते, नाहीतर लिहून दाखवते. ती नसती तर मी सहावीतच बसले असते.

आईला आणि अण्णांना सांगू नका. आपल्या गावात शाळा पाचवीपर्यंत. पुढं एसटीनं सिल्लोडला पाठवायला अण्णा तयार नव्हते. आत्या इथं मुकुंदवाडीत राहते म्हणून तर मी शिकतेय. कानाचं कळलं की ते मला घरी नेतील आणि माझी शाळा तिथंच संपेल. तुम्ही आधी शपथ घ्या, मगच उत्तर लिहा.

मामीला नमस्कार. शिवमचा एक गालगुच्चा माझ्या वाटचा घ्या. माझ्यावर लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची
संस्कृती


वैजापूर
२२ जुलै २०२५

चि. संस्कृतीस,
गोकुळमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोंढ्याच्या बाजारातल्या आडतीवर आलं. हल्ली टपालानं माझ्या नावाचं काही येत नाही, म्हणून लग्नपत्रिका समजून दुपारपर्यंत बाजूला ठेवलं होतं. पहिल्या चार ओळींना हसलो. पुढचं वाचल्यावर मात्र हमालानं चहा आणून ठेवला तो तसाच निवून गेला.

अगं, एवढं पोटात ठेवून तू वर्षभर गप्प कशी राहिलीस? शपथ म्हणशील तर घेतली. पण एक ऐक, सरांना सांग. त्यांनी खाल्लं तर नाव बदलीन. आणि फार घाबरूही नकोस. लहानपणी माझाही कान फुटला होता. आईनं तेलात लसूण तळून ते कोमट थेंब सोडले आणि महिन्यात कान ठणठणीत. मामीनं तसंच तेल करून बाटली भरली आहे. आपला पुंडलिक कांद्याची गाडी घेऊन तिकडं येतोय, तो आत्याकडं पोचवेल. झोपताना दोन-दोन थेंब टाकत जा.

शिवमचा गालगुच्चा घेतला, तर त्यानं माझा चावा घेतला. तो तुझ्या खात्यावर लिहून ठेवला आहे. सावकाश का होईना, लिहीत राहा.

तुझा
गोकुळमामा


छ. संभाजीनगर
१० ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
शि. सा. न.

तेल टाकलं. पाच-सहा दिवसांत उजवा कानही वाहायला लागला. रात्री इतका ठणकतो की मी उशी दातात धरते. मामीला यातलं काही सांगू नका, तिनं मायेनं पाठवलं होतं.

विशाखाला दुसऱ्या तुकडीत टाकलं. आता माझ्या शेजारी कुणीच नाही. परवा श्रुतलेखन होतं. सर वाचत होते, सगळे खाली मान घालून लिहीत होते, आणि मी सगळ्यांच्या चालत्या पेनांकडे बघत होते. शेवटी कोरा कागद दिला. सर काहीतरी म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. त्यांनी परत विचारलं, मी परत नुसती उभी. सांगायचं होतं हो मामा, सगळ्या वर्गासमोर तोंडच उघडलं नाही. मग त्यांनी आत्याला बोलावून घेतलं आणि मुलगी हट्टी झालीय, विचारलं तर मुद्दाम उत्तर देत नाही असं सांगितलं. आत्या समोर उभी राहून बोलली म्हणून तिचं सगळं कळलं. ती म्हणाली, लई माजलीस, तुझ्या बापाला कळवते. मी गप्प बसले. हट्टी म्हटलं तर निदान शाळेत राहता येईल.

वर्ग हसला की मीही हसायचे, वेगळं दिसू नये म्हणून. काल विशाखानं लिहून दाखवलं, तेव्हा कळलं की ते मलाच हसत होते.

मामा, मला आता शाळेत जायची भीती वाटते आणि शाळा सुटायचीही भीती वाटते. गणित पुस्तकावरून जमतं. विज्ञान अर्धं जमतं. बाकीचं मी कुठून आणू? काहीतरी करा. मला दुसरं कुणी नाही.

तुमची
संस्कृती


वैजापूर
१८ ऑगस्ट २०२५

ती. सौ. अक्कास,
गोकुळचा सा. न. वि. वि.

हे पत्र अंगणवाडीच्या गोजरबाईंच्या पत्त्यावर पाठवतो आहे, कारण तुमच्या घरचा फोन भाऊजींच्या खिशात असतो. वाचताना खाली बस.

परवा मी शहरात जाऊन आलो. दप्तर घेऊन देतो असं सांगून संस्कृतीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. पोरीला ऐकू येत नाही, अक्का. दोन्ही पडदे फाटले आहेत. डावा बहुतेक गेलाच. उजवा सुकला तर ऑपरेशन करता येईल, पण किती ऐकू येईल ते आज सांगता येत नाही म्हणाले. फाटलेल्या कानात तेल कुणी घातलं असं त्यांनी विचारलं, तेव्हा पोरगी माझ्याआधी म्हणाली की तिनंच घातलं.

तुला सांगणार नाही अशी शपथ मी घेतली होती. ती मोडली. ती मला कधी माफ करणार नाही, न करू दे. भाऊजींना कसं सांगायचं ते तू ठरव, पण तिला घरी आणू नकोस. परत येताना एसटीत मी माणसांसमोर रडलो.

तुझा
गोकुळ


ता. सिल्लोड
४ सप्टेंबर २०२५

माझ्या संस्कृतीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

लग्नानंतर पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. महालक्ष्म्या झाल्या. यंदा तुझ्या हातची रांगोळी नव्हती, शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्या मालनबाईनं काढली, ती तिरपी झाली.

मामावर रागावू नकोस. त्याचं पत्र मिळालं आणि मी ते अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ऐकूच येत नाय तर शाळेत ठेवून उपयोग काय, सण झाला की घेऊन ये. आजवर त्यांच्या शब्दाला मी कधी उलटून बोलले नाही. त्या दिवशी बोलले. मी म्हणाले, “ती ऐकू येत नसताना वर्गात बसली. तुम्हाला चांगलं ऐकू येत होतं, तरी तुम्ही चौथीतून पळालात.” त्या रात्री ते जेवले नाहीत. अजून हो म्हणालेले नाहीत. हो म्हणतील असंही मी तुला खोटं लिहीत नाही.

पण सोमवारी पहिल्या गाडीनं मी एकटी येते आहे. तुझे कपडे बांधायला येत नाही. शाळेत येते आहे. सरांना सांगीन, माझी पोर हट्टी नाही. तिला पुढं बसवा, मागच्यांना फळा दिसत नसेल तर खाली बसवा. तिथून आपण डॉक्टरकडे जाऊ. पुढचं मला माहीत नाही. मलाही लई भीती वाटते, बाई.

एक सांगायचं राहिलं. मामाचं पत्र वाचून माझा विश्वास बसला नव्हता. आपली पोर दर रविवारी फोनवर चांगली बोलते, असं मी मनाला सांगत होते. म्हणून गेल्या रविवारी मी फोन लावला आणि तू उचलल्यावर एक शब्द बोलले नाही. तू म्हणालीस, हो आई, जेवले. मी गप्प. तू थोडं थांबून म्हणालीस, हो, बरी आहे. मी तोंडात पदर धरला होता. तू म्हणालीस, हो आई, अभ्यास चालू आहे, अण्णांना सांग. मग तू हसलीससुद्धा, मी काही गमतीचं बोलले असेन म्हणून.

आता तेच कागदावर विचारते, खरं लिही. जेवतेस का? बरी आहेस का?

उत्तराची वाट बघणारी
तुझी आई