दोन पट्ट्यांच्या मधे

१४ मार्च, दुपार

चि. ठकूस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो लग्नाआधीपासूनच कुरकुरतोय असं तुझी आई म्हणायची. वरच्या मजल्यावरच्यांनी कुत्रा आणलाय. कुत्रा दिवसभर झोपतो आणि मालक त्याच्या नावाने ओरडतो. मोरीतला नळ गळत होता, तो मी स्वतः दुरुस्त केला. आता जास्त गळतो. जावईबापूंना सांगू नकोस, ते लगेच फोनवरून मला पाना कसा धरायचा ते शिकवतील.

तर, रविवारी तू फोन आपटलास. "नको होती तर नको म्हणायचं ना बाबा, खोटं कशाला बोलता?" बरोबर आहे तुझं. तू हौसेने पेटी दुरुस्त करून घेतलीस आणि वाजवून दाखवा म्हटलं की मी काहीतरी फाटे फोडतो. कधी बोट दुखतं, कधी कुत्रा झोपलाय. कुत्र्याचं कारण मलाच लंगडं वाटलं होतं. फोनवर हे बोलणं जमायचं नाही, म्हणून लिहितोय.

पेटी छान झाली आहे. भात्यातून वारा जात नाही, पट्ट्या लोण्यासारख्या दबतात. खोट तिच्यात नाही.

तुला वाटतं, आई गेल्यापासून मी पेटीला शिवलो नव्हतो आणि तू ती पलंगाखालून ओढून काढलीस. तसं नाही गं. तू यायच्या आधी काही महिने मी रोज वाजवत होतो. तू येणार म्हटल्यावर मीच ती पलंगाखाली सारली आणि वर जुनी चादर टाकली. या वयात बापाने मुलीपासून पेटी लपवायची, म्हणजे कमालच!

झालं असं, की कपाट आवरताना तुझी एक कॅसेट सापडली. लहानपणी तू टेपरेकॉर्डर घेऊन घरभर फिरायचीस आणि काय वाटेल ते भरून ठेवायचीस, दाराची घंटा, माझं घोरणं. त्यात आई आहे. स्वयंपाकघरात भांडी घासतेय, नळ वाहतोय आणि ती गातेय. मधेच तू विचारतेस, "आई, मुंग्यांना जांभई येते का?" ती म्हणते, "थांब गं बाई, अंतरा संपू दे." आणि परत गायला लागते.

मी तिथेच जमिनीवर बसलो. दुसऱ्या दिवशी पेटी काढली. सहा वर्षांत बोटांच्या काठ्या झाल्या होत्या, भाता खोकत होता. पण पहिलाच सूर दाबला आणि तो तिच्या आवाजाला जाऊन चिकटला! तिच्यासमोर पेटी नव्हती, खरकटी भांडी होती. तरी ती आपल्या पेटीच्याच सुरात गात होती. रोज संध्याकाळी माझ्या पेटीबरोबर गाऊन गाऊन तो सूर तिच्या अंगात मुरला होता.

मग तो नेमच झाला. दुपारचा चहा झाला की दार लावायचं, कॅसेट लावायची आणि ती गाईल तिच्यामागे जायचं. ती श्वास घ्यायची तिथे मी थांबायचो. कुठे थांबायचं ते मला नाही, बोटांना आठवत होतं. ठकू, तेवढा वेळ ती गेलेली नसायची. वेड लागलं म्हण हवं तर. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "बाबा, यातून बाहेर या." मला बाहेर यायचं नव्हतं.

तू पेटी नेलीस ती भात्यासाठी. पेटीवाल्याने विचारलं असणार, "सूरही लावून देऊ का?" तू हो म्हणालीस आणि त्याने उतरलेले सूर चढवून बरोबर लावले. कुणीही म्हणालं असतं. मी जन्मभर वजनमापं तपासली, दुकानदाराचा काटा केसभर हलला तरी त्याला फैलावर घेतलं आणि माझ्याच घरची पेटी पहिल्यापासून उतरलेली, मला पत्ता नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आम्हा दोघांचं सगळं गाणं त्या उतरलेल्या सुरात झालं आणि आम्हाला तोच खरा वाटला.

तू गेलीस त्या दुपारी मी कॅसेट लावली आणि पेटी उघडली. जमेना. वरच्या पट्टीवरून वाजवावं तर ती खाली राहते, खालच्या पट्टीवरून वाजवावं तर ती वर. ती त्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी गाते आणि तिथे पेटीला पट्टीच नाही. मी कितीतरी वेळ दोन्हीकडून शोधत बसलो. त्या दिवशी मला तुझा राग आला होता. आता खोटं बोलायचं नाही ठरवलंय, म्हणून सांगतो.

पेटीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "टेपचा वेग वाढवा जरा, आवाज चढेल." तोही उद्योग केला. सूर जुळला, पण आई एकदम चिमुरडी झाली, गाडी चुकत असल्यासारखी गायला लागली. मी लगेच बंद केलं. ती तुझी आई नव्हती.

शेवटी परवा पेटी मांडीवर घेऊन बसने त्याच्याकडे गेलो. म्हटलं, होती तशी करून द्या. तो हसायला लागला. "अहो काका, लोक सूर लावायला येतात, तुम्ही उतरवायला आलात?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने हसू आवरलं. पेटी खोलून त्याने आतल्या, सूर काढणाऱ्या पितळी पट्ट्या दाखवल्या. म्हणाला, "खरवडून उतरवतो. पण पितळ आधीच पातळ झालंय. एकदा खाली गेली की परत वर यायची नाही. तुमच्याशिवाय कुणाच्या कामाची राहणार नाही. तुमच्यामागे कोण वाजवणार आहे?"

"कुणी नाही" हे अगदी ओठांवर आलं होतं. पण निघताना दारात चप्पल घालता घालता तू म्हणाली होतीस, "पुढच्या वेळी मला पहिल्यापासून पेटी शिकवा बाबा. आईकडून गाणं शिकायचं राहून गेलं." मी तेव्हा "बघू" म्हटलं होतं.

"मुलगी," मी म्हटलं.

त्याने कानस खाली ठेवली आणि दोन चहा सांगितले. चहा पिऊन मी पेटी जशी नेली होती तशी परत घेऊन आलो. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, गाता का तुम्ही? मी नाही म्हटलं.

आता दुपारी कॅसेट लावतो आणि हात मांडीवर ठेवून नुसता ऐकतो. बोटं हलतात अजून, त्यांना कोण समजावणार! सहा वर्षांपूर्वी लोक भेटायला आले तेव्हा मी प्रत्येकाला पाणी हवंय का विचारत होतो, आठवतं? सगळे म्हणाले, किती धीराचा माणूस. धीर कसला, मला कळलंच नव्हतं. या आठवड्यात कळलं. खूप रडलो, ठकू. वरचा कुत्रासुद्धा उठून भुंकला.

पेटी तुझी आहे. ये, आणि शीक. सूर चुकले तरी चालतील, मी ओरडणार नाही. फक्त फार उशीर करू नकोस, घर खूप गप्प झालंय.

आता कुठे एकटा झालेला, तुझा
बाबा